स्वतःचा छोटा इंटरप्रिटर लिहायचाय? रिक्षाच्या भाड्यापासून सुरू करा

पायथॉन शिकायला लागून मला चारेक महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. लूप यायचा, लिस्ट यायची, ऑफिसमधल्या एक्सेल शीट वाचून बेरजा काढणारा एक प्रोग्रॅमही लिहून झाला होता, पण स्क्रीनवर एरर आला की पोटात गोळा यायचा. एरर मी वाचायचेच नाही, कॉपी करायचा, सर्चमध्ये टाकायचा, जे पहिलं उत्तर दिसेल ते चिकटवायचं, चाललं तर चाललं. दादरला ज्या क्लासला जायचे तिथे एकदा विचारलं की रन दाबल्यावर आत नक्की होतं काय, तर उत्तर मिळालं, ते सिलॅबसमध्ये नाहीये.

मग मी ते डोंबिवली-सीएसएमटी लोकलमध्ये वही-पेन्सिल घेऊन शिकले. दीडेक महिन्यात माझा स्वतःचा एक बारका इंटरप्रिटर, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम वाचून तो चालवणारा प्रोग्रॅम, उभा राहिला, ३०० ओळींच्या आतला, आणि एररची भीती गेली ती गेलीच. जिथे जिथे माझं घोडं अडलं ते सगळं खाली लिहितेय म्हणजे तुमचे तेवढे दिवस वाचतील.

वाचायच्या आधी एक प्रयोग करा. पायथॉनच्या फाइलमध्ये वर दोन-तीन प्रिंट लिहा आणि शेवटच्या ओळीत मुद्दाम एक कंस उघडा ठेवा. रन केलं की वरचे प्रिंटसुद्धा होणार नाहीत, थेट सिंटॅक्स एरर. आता कंस बंद करा आणि शेवटच्या ओळीत कधीच न ठरवलेल्या व्हेरिएबलचं नाव लिहा. आता वरचे प्रिंट होतील आणि मग नेम एरर येईल. दोन्ही चुका शेवटच्याच ओळीत, मग वागणं वेगळं का? कारण पायथॉन आधी सगळी फाइल वाचून तिचं व्याकरण तपासतो आणि मगच पहिली ओळ चालवतो. पहिली चूक वाचताना सापडली, दुसरी चालवताना. हे वाचणं आणि चालवणं दोन्ही आपण आपल्या हाताने करणार आहोत.

काय काय लागेल

पायथॉन ३ चालेल असा कुठलाही लॅपटॉप. माझा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड आहे, ४ जीबी रॅमचा, आणि या कामाला तो पुरून उरतो. टेक्स्ट एडिटर कुठलाही चालेल, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरंही नीट साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह होतेय ना बघा. मराठी टाइप करायची सोय हवी, कारण आपली भाषा मराठीतच असणार. एक वही लागेल, आणि ती खरंच लागेल.

येणं काय अपेक्षित आहे तर फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी आणि व्हाइल लूप. क्लास लिहिता आला नाही तरी चालेल. हा पायाच कच्चा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे व्हिडिओ फुकट आहेत, त्यातले बरेच मराठी आवाजात आहेत, ते आधी बघून या.

१. भाषा आधी कागदावर ठरवा

कॉम्प्युटर उघडू नका. जी भाषा बनवायची तिचा एक प्रोग्रॅम वहीत लिहा. माझा हा होता:

अंतर = ४
जर अंतर < १.५
भाडे = २६
नाहीतर
भाडे = २६ + (अंतर - १.५) * १७.१४
बस
सांग भाडे

आपल्या मुंबईच्या रिक्षाचा १ फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर आहे हा, पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. प्रत्यक्षात भाडं रुपयात गोल करतात, वेटिंग वेगळं लागतं, ते सोडून द्या. या सात ओळींत व्हेरिएबल आहे, गणित आहे, कंस आहे, अट आहे, छापणं आहे. एवढं चाललं की तुमचा इंटरप्रिटर झाला. फंक्शन, लिस्ट, स्ट्रिंग हे सगळं नंतर. पहिल्याच दिवशी वीस फीचर्सची यादी करणारे तिसऱ्या दिवशी सोडून देतात, मीही पहिल्यांदा तसंच सोडलं होतं.

यातला "बस" हा शब्द पुरे या अर्थाने ब्लॉक संपवायला घेतलाय. थोड्या दिवसांनी मी बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी भाडं टाकायला बस = १० असं लिहिलं आणि माझ्याच इंटरप्रिटरने मला एरर दिला. तेव्हा कळलं की पायथॉन व्हेरिएबलला क्लास किंवा इफ असं नाव का देऊ देत नाही. तो शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेला असतो, बाकी काही नाही.

२. ओळीचे तुकडे करा, म्हणजे टोकन

कॉम्प्युटरला ओळ दिसत नाही, एकामागून एक अक्षरं दिसतात. पहिलं काम म्हणजे त्यांचे अर्थपूर्ण तुकडे करणं. भाड्याच्या लांब ओळीचे ११ तुकडे होतात: भाडे, =, २६, +, (, अंतर, -, १.५, ), *, १७.१४. हे करणाऱ्या भागाला लेक्सर म्हणतात. डावीकडून एक एक अक्षर बघत जायचं, आकडा दिसला तर पुढचे आकडे आणि एक टिंब गोळा करायचं, अक्षर दिसलं तर शब्द गोळा करायचा, चिन्ह दिसलं तर ते तसंच घ्यायचं, स्पेस सोडून द्यायची. प्रत्येक तुकड्याबरोबर तीन गोष्टी ठेवा, त्याचा प्रकार, त्याचा मजकूर आणि तो कुठल्या ओळीवर होता तो नंबर. ओळीचा नंबर आत्ताच ठेवा, नंतर घुसवायला गेलात तर सगळं उसवावं लागतं.

आता मराठीची मेख. इथे माझे आठ दिवस गेले म्हणून जरा सविस्तर सांगते.

अक्षर ओळखायला सगळीकडे पायथॉनचं इजअल्फा हे फंक्शन वापरलेलं दिसेल. इंग्रजीला ते ठीक आहे, पण आपल्या काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना ते अक्षर मानत नाही. "भाडे" वाचताना भ घेतला, पुढे काना आला आणि लेक्सर तिथेच थांबला. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात साचा शोधायच्या पद्धतीतला) शब्दातलं अक्षर ओळखणारा बॅकस्लॅश डब्ल्यूसुद्धा पायथॉनच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये असाच अडतो. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला सलग १२८ जागा आहेत, २३०४ ते २४३१. ऑर्ड फंक्शनने अक्षराचा नंबर काढा आणि या पट्ट्यात आहे का बघा. फक्त याच पट्ट्यात देवनागरी आकडेही बसतात, २४०६ ते २४१५, म्हणून आकड्याची तपासणी आधी करा, आणि २४०४, २४०५ वर दंड आहेत ते वगळा.

आकड्यांच्या बाबतीत मात्र पायथॉन फार चांगला आहे. इंट किंवा फ्लोट फंक्शनला "२६" किंवा "१.५" ही देवनागरी स्ट्रिंग दिली तरी बरोबर संख्या मिळते, काहीच करावं लागत नाही. पण हेच २६ तुम्ही पायथॉनच्या कोडमध्ये थेट टाइप केलंत तर सिंटॅक्स एरर येतो. म्हणजे इंट फंक्शनला देवनागरी आकडे कळतात आणि पायथॉनच्या स्वतःच्या लेक्सरला कळत नाहीत, कारण ते दोन वेगळे भाग आहेत. हे बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा पायथॉनच्या आत भाग आहेत हे जाणवलं.

तिसरी अडचण सगळ्यात फसवी. दऱ्या हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर टाकतात, काही साधा र, मग हलंत आणि मग न दिसणारा जोडणारा कॅरॅक्टर टाकतात, ज्याचा नंबर ८२०५. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळी व्हेरिएबल. मग मी हुशारी केली, ८२०५ दिसला की उडवून टाकला. झालं, दऱ्याचा दर्या झाला, डोंगरातली दरी गेली आणि समुद्र आला. योग्य उपाय म्हणजे र, हलंत, ८२०५ हा तिघांचा क्रम सापडला की त्याच्या जागी ऱ आणि हलंत टाका, आणि बाकी सगळ्या सोर्सवर युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइज फंक्शन एनएफसी प्रकाराने फिरवा, ते दोन प्रकारे लिहिलेलं एकच अक्षर एका प्रकारात आणतं. हे फाइल वाचल्या वाचल्या करायचं, तुकडे पाडायच्या आधी.

पुढे जायच्या आधी टोकनची लिस्ट प्रिंट करून वहीतल्या तुकड्यांशी ताडून बघा. ही सवय प्रत्येक पायरीला ठेवा.

३. तुकड्यांचं झाड करा

हा भाग खरा आणि इथेच लोक घाबरतात. घाबरू नका पण घाईही करू नका, चार-पाच दिवस द्या.

आधी हे का करायचं ते बघू. ११ तुकडे मिळाले, आता सरळ डावीकडून उजवीकडे गणित करत गेलं तर काय होईल? अंतर ४ असेल तर कंसातले अडीच आले. २६ अधिक २.५ म्हणजे २८.५, गुणिले १७.१४, झाले ४८८.४९ रुपये. चार किलोमीटर रिक्षाला! बरोबर उत्तर ६८.८५ आहे, कारण गुणाकार आधी व्हायला हवा. हा आधी-नंतरचा हिशोब झाडाच्या आकारात बसवतात. सगळ्यात वर अधिक, त्याची डावी फांदी २६, उजवी फांदी गुणिले. गुणिलेच्या डावीकडे वजा आणि उजवीकडे १७.१४. वजाच्या खाली अंतर आणि १.५. हे वहीत काढाच. काढल्यावर एक गोष्ट दिसेल की झाडात कंस कुठेच नाहीयेत. कंसाचं काम झाडाला आकार देण्यापुरतंच होतं, आकार आला की ते गळून पडतात.

हे झाड बांधणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. गणितासाठी तीन फंक्शन पुरतात, त्यांना बेरीज, गुणाकार आणि घटक म्हणू. पायथॉन ३ मध्ये फंक्शनची नावं देवनागरीत खरंच देता येतात, शिकताना द्या, ऑफिसच्या कोडमध्ये नको.

घटक फंक्शन सगळ्यात लहान गोष्ट वाचतं. पुढचा तुकडा आकडा किंवा नाव असेल तर तेच परत देतं. उघडा कंस असेल तर तो गिळतं, बेरीज फंक्शनला बोलावतं आणि त्यानंतर बंद कंस आहे ना याची खात्री करतं, नसेल तर एरर.

गुणाकार फंक्शन आधी एक घटक मागतं. मग पुढे * किंवा / दिसत असेपर्यंत ते चिन्ह घेतं, आणखी एक घटक मागतं आणि आत्तापर्यंतचं सगळं डावी फांदी करून नवीन गाठ (चिन्ह आणि त्याच्या दोन फांद्या) बांधतं.

बेरीज फंक्शन अगदी तसंच, फक्त ते + आणि - बघतं आणि घटकाऐवजी गुणाकार मागतं.

एवढंच. बेरीज गुणाकाराला बोलावते, गुणाकार घटकाला, आणि कंस आला की घटक परत बेरजेला. जे जास्त खोल आहे ते आधी बांधलं जातं, म्हणून गुणाकार आपोआप बेरजेच्या आधी होतो. अंतर < १.५ सारख्या तुलनेसाठी बेरजेच्याही वर एक चौथं फंक्शन ठेवा. गाठीसाठी क्लास-बिस नको, चिन्ह, डावं, उजवं असा तिघांचा टपल (न बदलणारी लिस्ट) पुरतो.

सापळा: गुणाकार आणि बेरीज या दोन फंक्शनमध्ये लूपऐवजी रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) वापरायचा मोह होतो, दिसायला कोड सुबक दिसतो. पण मग १०० - २० - १५ हे १०० - (२० - १५) असं बांधलं जातं आणि ६५ ऐवजी ९५ येतात. बेरजेत ही चूक दिसत नाही, वजाबाकीतच दिसते, म्हणून पहिली टेस्ट वजाबाकीची घ्या.

आणि वजा चिन्ह आकड्याच्या आधी एकटंच येऊ शकतं, -५ सारखं. ते घटकमध्ये सांभाळा.

पार्सर झाल्यावर आणखी एक कोडं सुटतं. कंस बंद करायचा राहिला की जुने पायथॉन बरेचदा पुढच्या ओळीवर बोट ठेवायचे आणि आपण ती बरोबर असलेली ओळच तासभर बघत बसायचो. का, तर पार्सरला चूक तेव्हाच कळते जेव्हा नको असलेला तुकडा समोर येतो, आणि तो पुढच्या ओळीवर असतो. ३.१० पासून पायथॉन उघडा राहिलेला कंसच दाखवतो, पण इतर भाषांत अजूनही एररच्या वरची ओळ बघायची सवय ठेवा.

४. झाडावर फिरा

कठीण भाग संपला. आता एकच फंक्शन, माझ्याकडे त्याचं नाव मोज आहे. त्याला गाठ द्यायची. आकडा असेल तर तोच परत. चिन्ह असेल तर आधी डावी फांदी मोज, मग उजवी मोज, मग दोघांवर ते चिन्ह चालव. वीसेक ओळींत होतं आणि पहिल्यांदा ६८.८५ दिसतं तेव्हा, खरं सांगते, मी कुर्ला-घाटकोपरच्या मध्ये शेजारच्या बाईंना लॅपटॉप दाखवला होता.

जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी असंच मोजणारं फंक्शन, इव्हॅल, कागदावर लिहिलं होतं, सिद्धांत म्हणून. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाले की हे तर मशीनवर चालवता येईल, आणि त्यांनी हाताने ते आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरच्या मशीन कोडमध्ये उतरवलं. लिस्पचा इंटरप्रिटर असा आला. तुमचं मोज त्याच घराण्यातलं आहे.

सापळा: पायथॉनचं तयार इव्हॅल फंक्शन वापरून इथे शॉर्टकट मारू नका. उत्तर येईल पण शिकायचं होतं तेच हातातून जाईल, शिवाय बाहेरून आलेली स्ट्रिंग इव्हॅलला देणं धोक्याचं, त्यात कुणी फाइल डिलीट करायची आज्ञा लिहिली तर तीही चालेल.

५. नावांची वही

व्हेरिएबल म्हणजे एक डिक्शनरी. अंतर = ४ आलं की उजवी बाजू मोजा, डिक्शनरीत अंतर या नावापुढे लिहून ठेवा. नाव वाचायचं असेल तर तिथे शोधा, नाही मिळालं तर एरर. नेम एरर हाच! वहीत नाव सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ, बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं.

६. जर आणि जोवर

जर साठी झाडात तीन फांद्या, अट, खरं असेल तर काय, नाहीतर काय. आधी फक्त अट मोजा आणि मग दोघांतली एकच फांदी चालवा. मी आधी दोन्ही फांद्या मोजून घ्यायचे आणि नंतर एक निवडायचे, त्यामुळे नको असलेल्या फांदीतला शून्याने भागाकारही फुटायचा. जोवर लूप म्हणजे अट खरी आहे तोपर्यंत तीच फांदी परत परत. अट कधी खोटी होतच नसेल तर कंट्रोल आणि सी दाबून बाहेर या.

७. एरर स्वतः लिहा

"काहीतरी चुकलं" असं छापू नका. ओळ नंबर, काय हवं होतं, काय मिळालं, हे तिन्ही छापा: ओळ ६, बंद कंस हवा होता, बस मिळालं. टोकनबरोबर ठेवलेला ओळीचा नंबर इथे कामाला येतो, पण गणिताच्या गाठीतही तो चौथा म्हणून ठेवावा लागेल, नाहीतर चालवताना आलेल्या चुकीची ओळ सांगता येत नाही.

यानंतर पायथॉनचा कुठलाही एरर आला की स्वतःला एकच प्रश्न विचारा, हा कुठल्या पायरीवर अडलाय? न ओळखीचं अक्षर म्हणजे लेक्सर. सिंटॅक्स एरर बहुतेक वेळा पार्सर. नेम एरर, टाइप एरर, शून्याने भागाकार हे चालवताना. आणि चालवतानाचे एरर तो भाग चालला तरच दिसतात, ज्या फंक्शनला कधी बोलावलंच नाही त्यात चुकीचं नाव महिनोन् महिने लपून राहू शकतं. म्हणून लिहिलेलं प्रत्येक फंक्शन एकदा तरी चालवून बघा.

८. आता पायथॉनच्या पोटात बघा

झाडावर फिरणारे इंटरप्रिटर हळू असतात हे खरं. रुबी ही भाषा १.८ पर्यंत झाडावरच फिरायची, १.९ मध्ये तिने बाइटकोड घेतला. पायथॉनही झाड बांधतो, मग त्याचा बाइटकोड करतो, म्हणजे एका रांगेत लावलेल्या छोट्या छोट्या आज्ञा, आणि त्या चालवतो. तुमच्या फोल्डरमध्ये पायकॅश नावाचं जे फोल्डर आपोआप तयार होतं त्यात इंपोर्ट केलेल्या फाइलींचा हाच बाइटकोड साठवलेला असतो. डिलीट केलंत तरी काही बिघडत नाही, परत बनतो.

तो बघायला पायथॉनमध्ये डिस नावाचं मॉड्यूल आहे. भाड्याची ओळ पायथॉनमध्ये लिहा, व्हेरिएबलची नावं मराठी चालतील पण आकडे इंग्रजी ठेवा, आणि डिसला द्या. व्हर्जनप्रमाणे नावं थोडी बदलतात, पण क्रम असा दिसतो: २६ आण, अंतर आण, १.५ आण, वजाबाकी कर, १७.१४ आण, गुणाकार कर, बेरीज कर, भाडे नावाने ठेव. वहीतलं झाड काढा आणि शेजारी ठेवा. डावी फांदी, उजवी फांदी, मग गाठ, असं खालून वर बोट फिरवत गेलं की हाच क्रम येतो.